अद्भुत शक्तीची कादंबरी आणि कुमार वाचक

विषयप्रवेश

सहावी ते आठवीच्या वर्गांतील मुलांना पराक्रमाची गोष्ट आवडते, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. हनुमंताचे उड्डाण, भीमाचे बळ, अभिमन्यूचा चक्रव्यूहातील प्रवेश या कथा कितीही वेळा सांगितल्या तरी वर्ग त्या कान टवकारून ऐकतो. अलीकडे या आवडीस एका निराळ्या प्रकारच्या कथेची जोड मिळाली आहे. तिच्यातील नायक वाचकाच्याच वयाचा असतो. शाळेत तो सामान्य, किंबहुना मागे पडलेला असतो. आणि एके दिवशी आपल्या अंगी इतर माणसांत नसलेली शक्ती आहे, असे त्यास कळून येते. अशा कादंबऱ्या इंग्रजीत विपुल आहेत. त्यांवरून निघालेले चित्रपट व मालिका मोबाईलच्या पडद्यावरून खेड्यातील मुलांपर्यंतही पोचतात.

शाळेच्या ग्रंथपेटीत असे एखादे पुस्तक आले, अथवा एखाद्या विद्यार्थ्याने ते शहरातील नातेवाइकांकडून आणले, म्हणजे ते मुलांच्या हाती द्यावे की नाही, हा प्रश्न शिक्षकापुढे उभा राहतो. त्याची दोन सोपी उत्तरे प्रचारात आहेत. राक्षस, चमत्कार आणि मारामारी यांनी भरलेले पुस्तक मुलांस बिघडवील, सबब ते कपाटात ठेवावे, हे पहिले उत्तर. मूल काही तरी वाचते आहे हेच पुष्कळ, काय वाचते हे पाहू नये, हे दुसरे. ही उत्तरे परस्परविरुद्ध दिसली तरी त्यांत एक उणीव समान आहे. दोन्ही उत्तरे पुस्तक न वाचताच देता येतात.

पुस्तकाची योग्यता नायकाच्या अंगी केवढी शक्ती आहे यावरून ठरत नाही. त्या शक्तीने कोणता प्रश्न सुटतो, कोणता सुटत नाही, आणि ते वाचणारे मूल कोणत्या घरातून शाळेत आले आहे, यांवरून ती ठरते. हे तत्त्व एका प्रत्यक्ष पुस्तकास लावून पाहणे, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

पुस्तक व ग्रंथकार

'द लाइटनिंग थीफ', म्हणजे 'विजेचा चोर', ही कादंबरी अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झाली. रिक रायर्डन हे तिचे लेखक. पर्सी जॅक्सन नावाच्या मुलाच्या साहसांच्या पाच भागांच्या मालेतील हा पहिला भाग असून पाचवा भाग २००९ साली निघाला. पहिल्या भागावर २०१० साली चित्रपट झाला, आणि डिसेंबर २०२३ पासून त्याची मालिकाही दाखविण्यात आली. चित्रपटात नायकाचे वय वाढविले असून कथानकही बरेच बदलले आहे. यास्तव चित्रपट पाहून पुस्तकाविषयी मत बनविणे उचित होणार नाही.

ग्रंथकाराचा पूर्वेतिहास शिक्षकांस जवळचा वाटेल. रायर्डन हे पूर्ण वेळ लेखक होण्यापूर्वी अनेक वर्षे माध्यमिक वर्गांना इंग्रजी व इतिहास शिकवीत असत. त्यांच्या मुलास वाचन कठीण जाई. अक्षरांची ओळख पटण्यात अडथळा आणणारी डिस्लेक्सिया नावाची अक्षमता, तसेच लक्ष एका जागी न ठरणे व अतिचंचलता, असे त्याचे निदान झाले होते. या मुलास प्राचीन ग्रीक पुराणकथा मात्र आवडत. वडील त्या त्यास निजताना सांगत. माहीत असलेल्या कथा संपल्या तेव्हा मुलाने नवी कथा मागितली, आणि त्याच अडचणी असलेला नायक वडिलांनी निर्माण केला. म्हणजे ही कथा मुळात एका मागे पडणाऱ्या वाचकासाठी तोंडाने सांगितलेली गोष्ट आहे. पुस्तकाचे गुण आणि दोष या दोहोंचेही मूळ येथेच सापडते.

कथासार

पर्सी बारा वर्षांचा आहे. सहा वर्षांत त्यास सहा शाळा सोडाव्या लागतात. पुस्तकातील अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे स्थिर राहत नाहीत. घरी आई सॅली ही कष्टाळू व प्रेमळ आहे. सावत्र बाप गेब मात्र जुगारी व आळशी असून पत्नीच्या कमाईवर जगतो. शाळेच्या सहलीत वस्तुसंग्रहालय पाहत असता गणिताच्या शिक्षिका एकाएकी पंख फुटलेल्या राक्षसीचे रूप घेऊन पर्सीवर झडप घालतात. लॅटिनचे शिक्षक ब्रूनर यांनी फेकलेल्या लेखणीची तलवार होते आणि तो वाचतो.

पुढे पर्सीस कळते की आपला पिता समुद्राचा ग्रीक देव पोसायडन होय. बैलाचे मस्तक असलेला मिनोटॉर पाठलाग करतो, आणि मुलास वाचविताना आई नाहीशी होते. देवांच्या मर्त्य संततीसाठी असलेल्या शिबिरात पर्सीस आश्रय मिळतो. तेथे ब्रूनर हे वस्तुतः अर्धे शरीर घोड्याचे असलेले पुराणप्रसिद्ध गुरू कायरन आहेत, हे उघड होते. देवराज झ्यूस याचे वज्र चोरीस गेलेले असून आळ पर्सीवर आला आहे. ठरलेल्या मुदतीत ते परत न केल्यास देवांमध्ये युद्ध पेटणार. पर्सी, अथीना देवीची कन्या अ‍ॅनाबेथ आणि बकऱ्याचे पाय असलेला मित्र ग्रोव्हर असे तिघे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत प्रवास करून पाताळाचा स्वामी हेडीझ याच्याकडे जातात.

वाटेत मिडूसा भेटते. तिच्याकडे पाहणारा दगड होतो. तिचे मस्तक छेदून पर्सी ते पेटीत घालून पाठवून देतो. पुढे एका मोहमयी हॉटेलात मुले खेळांत रमतात. त्यांस वाटते थोडा वेळ गेला, प्रत्यक्षात पाच दिवस निघून जातात. अखेर वज्र परत मिळते आणि आईही परतते. खरा चोर निघतो तो शिबिरातील ल्यूक. पर्सीस प्रथमपासून आपुलकीने वागविणारा हा मोठा मुलगा, पित्याने उपेक्षिल्याच्या रागाने शत्रूस मिळालेला असतो.

कसोटी पहिली : शक्तीने काय सुटते व काय सुटत नाही

हलक्या प्रतीच्या अद्भुतकथेत शक्ती ही सर्व कुलुपांची एकच किल्ली असते. संकट येते, नायक शक्ती वापरतो, संकट टळते. अशा वाचनाने मुलाचे मनोरंजन होते, परंतु विचारास काही मिळत नाही. 'विजेचा चोर' या दृष्टीने वरच्या पायरीवर आहे. पाण्याचा स्पर्श झाला की पर्सीचे बळ वाढते, जखमा भरून येतात, पाण्याखाली त्यास श्वास घेता येतो. परंतु त्याच्या प्रवासातील सर्वांत अवघड प्रसंगी ही शक्ती त्याच्या काही उपयोगी पडत नाही.

तो प्रसंग पाताळातला. परत जाण्यासाठी त्याच्याजवळ तीन मोती आहेत. एक मोती एकाच माणसास बाहेर नेऊ शकतो. तेथे आहेत चौघे : तो स्वतः, दोन मित्र आणि जिच्यासाठी तो एवढ्या दूर आला ती आई. मित्र स्वतः मागे राहण्याची तयारी दाखवितात. पर्सी आईस तेथेच ठेवून मित्रांसह परततो, कारण युद्ध टाळावयाचे तर वज्र परत पोचलेच पाहिजे, आणि त्यासाठी मित्रांचा बळी देणे त्यास मान्य नाही. येथे विजय कोठेच नाही. आहे तो निर्णय, आणि त्या निर्णयाचे दुःख.

आपल्या मुलांस हा विचार परका नाही. कर्ण कवचकुंडले घेऊन जन्मास आला, परंतु लोकांच्या स्मरणात तो राहिला आहे तो कवच असल्यामुळे नव्हे, ते काढून दिल्यामुळे. ज्या कथेत नायकास काही सोडावे लागते, ती कथा शक्तीची असूनही शक्तीचा गर्व शिकवीत नाही. या कसोटीस पुस्तक उतरते.

कसोटी दुसरी : दुष्टाचे चित्रण

मुलांच्या पुस्तकातील दुष्ट मनुष्य कसा रंगविला आहे, यावरून लेखकाची माणसाविषयीची समजूत कळते. या पुस्तकातील ल्यूक जन्मतः दुष्ट नाही. पर्सी व ल्यूक या दोघांचेही पिते देव आहेत, आणि दोघांसही पित्याने वाऱ्यावर सोडले आहे. एकाच दुःखातून एक मुलगा आईच्या प्रेमाच्या आधाराने सावरतो, आणि दुसरा सूडाच्या आहारी जातो. महाभारत ऐकलेला विद्यार्थी येथेही कर्णाची आठवण सहज काढील. अपमान खरा असला तरी त्याचे उत्तर चुकीचे असू शकते, हे या वयात समजणे मोलाचे आहे. वर्गात सतत हिणविल्या जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत शिक्षकासही त्यातून घेण्यासारखे आहे.

कसोटी तिसरी : भय व हिंसा

पुस्तकात लढाया पुष्कळ आहेत. मात्र तलवारीचा वार झालेले राक्षस धुळीत मिसळून नाहीसे होतात, आणि कालांतराने पुन्हा उत्पन्न होतात. रक्तपाताची रसभरित वर्णने नाहीत. कथन नायकाच्याच तोंडी व विनोदी असल्यामुळे भयाची धार बोथट होते. मिनोटॉरचा हल्ला, आईचे नाहीसे होणे आणि पाताळातील मृतांच्या रांगा ही स्थळे लहान मुलांस भिवविणारी आहेत. यास्तव चौथी-पाचवीच्या मुलांनी हे पुस्तक एकट्याने वाचू नये. सातवीच्या पुढे तशी अडचण दिसत नाही.

शिक्षिका राक्षसी निघते, यामुळे काही शिक्षकांस पुस्तक अनादरकारक वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याच वर्गात ब्रूनर आहेत. इतरांनी टाकून दिलेल्या मुलावर ते विश्वास ठेवतात, आणि त्याच्याकडून अधिक अपेक्षाही करतात. मुलांच्या मनात दोन्ही प्रकारचे शिक्षक असतातच. लेखकाने ते लपविले नाहीत, एवढेच.

ग्रीक देवदेवतांमुळे धर्मविषयक शंका येण्याचे कारण नाही. परमेश्वराविषयीचा प्रश्न कायरन मोठा व निराळा म्हणून बाजूस ठेवतो. कथेतील देव हे पुराणातील रागलोभ असणारी पात्रे म्हणूनच वावरतात. कोणत्याही उपासनेचा उपदेश पुस्तकात नाही.

कसोटी चौथी : जन्माने येणारे मोठेपण

अद्भुत शक्तीच्या बहुतेक कथांत शक्ती जन्माने मिळते, प्रयत्नाने नव्हे. नायक मोठा, कारण त्याचा बाप देव. ज्या समाजात जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याची रूढी शतकानुशतके चालत आली, तेथे शिक्षकाने या ठिकाणी सावध राहणे अवश्य आहे. पुस्तकातील शिबिरात प्रत्येक देवाच्या मुलांसाठी निराळे निवासघर आहे. ज्यांस कोणत्याच देवाने आपले म्हटले नाही, ती मुले हर्मीस देवाच्या अकराव्या घरात दाटीवाटीने जमिनीवर निजतात. हा अन्याय आहे हे पुस्तक स्पष्टपणे दाखविते, आणि ल्यूकच्या रागाचे मूळही येथेच आहे. परंतु जन्माने कोणी विशेष असतो, या कल्पनेस मात्र ते धक्का लावीत नाही.

येथे शिक्षकाने दोन गोष्टींकडे लक्ष वेधावे. एक, पर्सीची आई सॅली ही सामान्य स्त्री आहे. तिच्या अंगी कोणतीही दैवी शक्ती नाही, तरी मिनोटॉरपुढे ती मुलासाठी उभी राहते. पुस्तकातील सर्वांत मोठे धैर्य तिचे आहे. दोन, या पुस्तकानंतर शक्ती नसलेल्या मुलाच्या साहसाची कथा वाचावयास द्यावी. भा. रा. भागवत यांचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा मुलगा. त्याच्याजवळ सायकल, चौकस बुद्धी आणि चपळाई यांपलीकडे काही नाही. दोन्ही कथा पाठोपाठ वाचल्या म्हणजे, संकटात उपयोगी पडते ते कोणते, जन्माने आलेले की स्वतः मिळविलेले, याचा विचार मुले आपण होऊन करू लागतील.

याच कसोटीत आणखी एक गोष्ट येते. संस्कृतीचा केंद्रबिंदू ग्रीसमधून रोम व युरोपातील देशांत फिरत फिरत अमेरिकेत आला, म्हणून देवही आता न्यूयॉर्कमधील उंच इमारतीवर राहतात, अशी या कथेची भूमिका आहे. कथेची सोय म्हणून ती मान्य करावी. परंतु संस्कृतीचा दिवा एकाच प्रदेशात तेवतो काय, हा प्रश्न इतिहासाच्या तासास विचारण्याजोगा आहे.

अडचणीचे पहिले स्थळ : वाचन न येणारा नायक

पर्सीस अक्षरे नीट दिसत नाहीत, याचे कारण शिबिरात सांगितले जाते ते असे : त्याचे मन प्राचीन ग्रीक भाषेसाठी घडलेले आहे, आणि त्याची चंचलता ही रणांगणावर जीव वाचविणारी सावधता आहे. आजवर दोष म्हणून ज्याचा शिक्का बसला, तेच वीराचे लक्षण ठरते.

वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या, वाचावयास उभे केले की घशात शब्द अडकणाऱ्या मुलास ही कल्पना किती दिलासा देईल, हे शिक्षकास सांगावयास नको. बहुतेक पुस्तकांत वीर हा हुशारही असतो. येथे प्रथमच त्याच्यासारखा मुलगा नायक झालेला त्यास दिसतो. केवळ चमत्कारांमुळे हे पुस्तक कपाटात बंद केले, तर ज्या मुलास त्याची सर्वांत अधिक गरज आहे त्याच्यापासूनच ते दूर ठेवल्यासारखे होईल.

परंतु दिलासा आणि सत्य यांत अंतर आहे, आणि ते शिक्षकाने झाकू नये. डिस्लेक्सिया ही दैवी खूण नव्हे. ती बुद्धिमांद्यही नव्हे, आळसही नव्हे. बोललेल्या शब्दातील ध्वनी वेगळे ओळखून ते अक्षरांशी जोडण्यात मेंदूस येणारी ती अडचण आहे. ती पुष्कळदा घराण्यात चालत येते. ध्वनी व अक्षर यांची जोडी पायरीपायरीने, पुनःपुन्हा, हळू गतीने शिकविल्यास अशी मुले वाचू लागतात. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने अशा अध्ययन-अक्षमतेस दिव्यांगत्वाच्या प्रकारांत स्थान दिले आहे. 'तारे जमीन पर' हा २००७ सालचा चित्रपट पाहिलेल्या शिक्षकांस या मुलांची अवस्था ठाऊक आहे. त्या चित्रपटातही मुलगा सुधारतो तो चमत्काराने नव्हे, शिक्षकाने धीराने शिकविल्यामुळे.

म्हणून मुलांस असे सांगावे की पर्सीस ग्रीक वाचता येणे हे कथेतले आहे. मात्र वाचता न येणारा मुलगा शूर, प्रामाणिक व मित्रांस जपणारा असू शकतो, हे कथेबाहेरही खरे आहे. आणि वर्गातील एखाद्या मुलाचे नाव घेऊन 'हा आपला पर्सी' असे कधीही म्हणू नये. सद्भावनेने म्हटले तरी तो नवा शिक्काच होतो.

अडचणीचे दुसरे स्थळ : सावत्र बापाचा शेवट

पुस्तकाच्या शेवटी पर्सी घरी येतो. गेब हात उगारतो तेव्हा आई दचकते, आणि तो तिला मारीत असला पाहिजे हे मुलाच्या ध्यानात येते. त्याच वेळी मिडूसाचे मस्तक असलेली पेटी परत आलेली असते. गेबला दगड करण्याची इच्छा पर्सीस होते. आई म्हणते की आपले आयुष्य आपणच सावरले पाहिजे. मुलगा पेटी तिच्याजवळ ठेवून जातो. काही दिवसांनी गेब बेपत्ता होतो. आईने एक दगडी पुतळा विकलेला असतो, आणि त्या पैशातून तिचे नवे घर व महाविद्यालयीन शिक्षण सुरू होते. हे सर्व विनोदाच्या स्वरात सांगितले आहे.

यामागे जुनी पुराणकथा आहे. पर्सीचे नाव ज्याच्यावरून ठेवले त्या ग्रीक वीर पर्सिअसने मिडूसाचे मस्तक आणून, आपली आई डॅनी हिच्या मागे लागलेल्या पॉलिडेक्टीस राजास दगड केले होते. रायर्डन यांनी त्यात एक अर्थपूर्ण बदल केला. निर्णय मुलाच्या हातून काढून आईच्या हाती दिला. बारा वर्षांच्या मुलाच्या हातून मनुष्यहत्या घडू दिली नाही, हा विवेक खरा. तरीही हत्या घडतेच, तिची चौकशी होत नाही, आणि कोणास खंतही वाटत नाही. राक्षस धुळीस मिळणे निराळे, आणि कितीही वाईट असला तरी माणूस मारून त्याचा पुतळा विकणे निराळे. पुस्तकातील सर्वांत कच्ची जागा हीच होय.

ज्या घरात असे काही घडत नाही, तेथील मूल हे वाचून हसेल व पुढे जाईल. परंतु दारूच्या पायी आईस मार खाताना पाहणारे मूल प्रत्येक वर्गात असू शकते. ते येथे हसणार नाही. त्याच्या मनात येणारा विचार त्यास एकट्यास पेलणारा नाही. म्हणून हे प्रकरण वाचून झाल्यावर शिक्षकाने संपूर्ण वर्गास, कोणाकडेही न पाहता, साध्या शब्दांत तीन गोष्टी सांगाव्यात. मार खाणाऱ्या आईचा दोष नसतो. घरातील मोठ्यांचे वर्तन सुधारणे ही मुलाची जबाबदारी नसते. आणि मदत मागण्यास जागा आहे : मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे, आणि कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ सालचा अधिनियमही आहे, ज्यान्वये संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. यानंतर एखादे मूल शाळा सुटल्यावर रेंगाळले, तर त्यास घाई करू नये. त्याचे बोलणे ऐकून घ्यावे, आणि ते चारचौघांत बोलून दाखवू नये. मुलास इजा होण्याचे भय असेल तर मात्र मुख्याध्यापकांशी विचारविनिमय करून वर सांगितलेली मदत तत्काळ मागवावी.

वर्गातील उपयोग

मूळ पुस्तक इंग्रजीत आहे. ते सुलभपणे वाचू शकणारी मुले खेड्यातील वर्गात थोडी असतील. परंतु ही कथा मुळात तोंडी सांगितलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे मार्ग सोपा होतो. शिक्षकाने स्वतः पुस्तक शेवटपर्यंत वाचावे, आणि सातवी-आठवीच्या वर्गास आपल्या बोलीत चार तासिकांत ती कथा सांगावी.

पहिल्या तासिकेत वस्तुसंग्रहालयापासून शिबिरापर्यंतचा भाग सांगावा. दुसऱ्या तासिकेत प्रवास, मिडूसा आणि मोहमयी हॉटेल यांचा भाग घ्यावा. हॉटेलातील पाच दिवसांचा प्रसंग सांगून झाल्यावर, मोबाईलवर खेळताना वेळ कसा जातो हे मुलांनाच सांगू द्यावे. उपदेश करण्याची गरज पडणार नाही. तिसऱ्या तासिकेत पाताळातील प्रसंगाशी, तीन मोती व चार माणसे येथे, कथा थांबवावी. 'तुम्ही काय केले असते व का?' एवढाच प्रश्न विचारून मुलांस प्रत्येकी पाच ओळी लिहावयास सांगाव्यात. ज्यांस लिहिणे जड जाते, त्यांचे उत्तर तोंडी घ्यावे. कोणतेही उत्तर चूक ठरवू नये. चौथ्या तासिकेत ल्यूकचा विश्वासघात, घरी परतणे व वर सांगितलेली चर्चा घ्यावी.

पुढील प्रश्न चर्चेस उपयोगी पडतील :

१. पर्सी पाण्यापासून दूर असतो तेव्हा तो कशाच्या बळावर टिकतो?
२. ल्यूक व कर्ण यांच्यात साम्य कोणते व भेद कोणता?
३. अकराव्या घरातील मुलांस कोणती वागणूक मिळावयास हवी होती?
४. आईने पेटीऐवजी आणखी कोणता मार्ग घेतला असता?
५. या कथेतील सर्वांत शूर व्यक्ती कोणती? कारण सांगा.

निर्णय

चारही कसोट्या लावून पाहता 'विजेचा चोर' ही कादंबरी सातवी व आठवीच्या मुलांस देण्यास योग्य ठरते. सहावीस ती शिक्षकाने सांगावी. पाचवी व त्याखालील वर्गांस ती स्वतंत्रपणे देऊ नये. दोन अडचणीची स्थळे शिक्षकाच्या बोलण्यावाचून मुलांवर सोडू नयेत. जन्माने येणाऱ्या मोठेपणावरील उतारा म्हणून शक्ती नसलेल्या नायकाची कथा पाठोपाठ द्यावी.

याच रीतीने दुसरे कोणतेही पुस्तक तपासता येईल. नायकाने काय सोडले, दुष्ट कसा घडला, भय किती, मोठेपण कशावर उभे, हे चार प्रश्न शिक्षकाने वहीच्या पानावर लिहून ठेवावेत व पुस्तक वाचताना त्यांची उत्तरे टिपावीत. मग आपल्या वर्गातील मुलांचे चेहरे डोळ्यांपुढे आणावेत. एखादे पान एखाद्या मुलास जड जाईल असे वाटले, तर ते पान त्याने वाचले असेल त्या दिवशी शिक्षकाने त्याच्याजवळ असावे. पुस्तक निवडण्याचे काम कपाटाच्या किल्लीने संपत नाही. ते मुलाच्या वाचनाबरोबर चालत राहते.